एका टोकास धरलेल्या पिनेचें बळ कसें काढावें

ट्रॅक्टरच्या खालच्या दांड्यांस नांगर जोडणारी पिन बहुधा अवजाराच्या कानांत एकाच टोकास नटानें आवळलेली असते. दुसरें टोक मोकळें राहतें. पिन जाड दिसली कीं ती भक्कम, असा आपला समज. मीं गांवच्या लेथवर साध्या नरम पोलादाची पिन करवून घेतली. खडकास फाळ अडतांच ती वांकली. तुटली नाहीं, वांकली, हें ध्यानांत घ्यावें.

पहिल्या वर्गाच्या जोडणींत पिनेचा व्यास २२ मिलिमीटर असतो. छेदाचें क्षेत्रफळ ३८० चौरस मिलिमीटर. असलें पोलाद कातरीच्या जोरास दर चौरस मिलिमीटरीं सुमारें साडेचौदा किलोस हार खातें. पिन एकाच ठिकाणीं कातरली जाते, म्हणून ३८० गुणिले साडेचौदा, म्हणजे सुमारें ५,५०० किलो. येथेंच पुष्कळजण थांबतात, आणि फसतात.

कारण ओढ कानाशीं लागत नाहीं. दांडीचा गोळा ३५ मिलिमीटर रुंद. ओढ त्याच्या मध्यावर, कानापासून साडेसतरा मिलिमीटरांवर पडते व पिनेस वांकविते. व्यासाचा घन करून १०.२ नें भागावें, १,०४४ येतात. त्यांस २५ नें (या पोलादाची दर चौरस मिलिमीटरीं ताणाची मर्यादा) गुणून साडेसतरांनीं भागावें. उत्तर सुमारें १,५०० किलो! कातरीच्या हिशेबाच्या चौथ्या हिश्श्याहून थोडें अधिक. गोळा व कान यांत वायसर घालून पांच मिलिमीटर अंतर वाढविलें, तर हेंच १,१६० वर येतें. तसें करूं नये.

शिवाय एकदम आलेला भार सावकाश चढविलेल्या भाराच्या दुप्पट जोर करितो. म्हणून नरम पोलादाच्या पिनेवर दर बाजूस ५०० किलोंहून अधिक ओढीचा भरंवसा धरूं नये. कडक केलेल्या चांगल्या पोलादाची पिन याहून पुष्कळ अधिक सोसते. किंमत जास्त पडली तरी तीच घ्यावी.

दुसरा उपाय, पिनेच्या दोन्ही टोकांस दहा मिलिमीटर जाडीचे कान देणें. मग वांकविणारा जोर इतका घटतो कीं तीच पिन सुमारें ३,८०० किलोंपर्यंत सरळ राहते.

कानाचें छिद्रही पाहावें. छिद्राच्या कडेपासून पट्टीच्या टोकापर्यंत दहाच मिलिमीटर लोखंड असेल, व पट्टीही दहा मिलिमीटर जाड असेल, तर दोन्ही बाजूंचे छेद मिळून तें सुमारें २,९०० किलोंस फाटूं लागतें. वीस मिलिमीटर ठेविल्यास दुप्पट सोसतें.