शनिवारची भुतावळ

भिवंडी म्हटले की लोकांना यंत्रमाग आठवतात, गोदामे आठवतात आणि रस्त्यांतले खड्डे आठवतात. सिनेमा कोणाला आठवत नाही. तरीही गेल्या पाडव्यापासून या पाडव्यापर्यंत आमच्या घरात दर शनिवारी रात्री नियमाने एक चित्रपट लागला, आणि तोही असा, की जो पाहिल्याचे चारचौघांत सांगायला माणूस कचरतो. भुते, राक्षस, हत्यारे बाहुले, चुकून नट झालेली माणसे! हे व्रत आमच्या चिरंजीवांनी लावले. सौभाग्यवतींनी पहिल्या दिवशी नाक मुरडले, दुसऱ्या शनिवारी विणकाम घेऊन त्या बसल्या आणि तिसऱ्या शनिवारी विणकाम आणायला विसरल्या.

चौथे प्रेक्षक म्हणजे आमचे थोरले बंधू. दादा खालच्या मजल्यावर राहतात. त्यांचे आठ माग होते. ते विकून त्यांना आता बरीच वर्षे झाली. रात्री नऊला ते वर येत, गालात माव्याची गोळी ठेवून खुर्चीत बसत, आणि चित्रपट संपेपर्यंत फारसे बोलत नसत. बोलायचे तर पिचकारी टाकायला उठावे लागे!

पहिला मान अर्थात 'झपाटलेला'ला. महेश कोठारे यांचा हा चित्रपट १९९३ चा. तात्या विंचूचा तो बाहुला रामदास पाध्यांनी घडवलेला. लहानपणी चिरंजीव त्याला भिऊन आमच्या कुशीत शिरत असत. आता ते बाहुल्याच्या माना कशा हलतात ते आम्हाला समजावून सांगत होते. मुले मोठी झाली की भीतीचीसुद्धा फोड करून सांगतात, त्याचे थोडे वाईट वाटले.

मग रामसे मंडळी आली. त्यांचा 'पुराना मंदिर' (१९८४) पाहून आम्ही पोट धरून हसलो; पण त्यांची हकीकत ऐकल्यावर हसू आवरले. वडील एफ. यू. रामसे यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. फाळणीनंतर ते मुंबईला आले. त्यांना सात मुलगे. 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' (१९७०) हा त्यांचा चित्रपट सपशेल पडला. मात्र मुलांनी एक गोष्ट हेरली. पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा चढवून चोरी करायला येतात, तेवढ्या प्रसंगाला प्रेक्षक दचकत होते. मग नुसता दचकाच का विकू नये? सगळे कुटुंब उठून महाबळेश्वरला गेले. कोणी कॅमेरा धरला, कोणी ध्वनी सांभाळला, कोणी लिहिले, कोणी कात्री चालवली, दोघांनी दिग्दर्शन केले आणि १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' पडद्यावर आला. "म्हणजे घरचा कारखानाच की," दादा म्हणाले. एक भाऊ कांड्या भरतो, दुसरा माग पाहतो, तिसरा तागे घेऊन बाजारात जातो, हे भिवंडीच्या माणसाला वेगळे समजावावे लागत नाही.

'गुंडा'विषयी (१९९८) थोडक्यात आटोपतो. यातले खलपुरुष यमक जुळवून बोलतात, आणि काय बोलतात ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. सौभाग्यवती पंधराव्या मिनिटाला उठून गेल्या. आम्ही तिघे शेवटपर्यंत बसलो, याची नोंद त्यांनी ठेवली आहे.

परदेशी पाहुण्यांत 'हाउस' (१९७७) हा जपानी चित्रपट सौभाग्यवतींना फार आवडला. त्यात पियानो मुलीला खाऊन टाकतो! दिग्दर्शक ओबायाशी यांनी असल्या कल्पना आपल्या लहान मुलीला विचारून घेतल्या होत्या. आणि 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' हा तर जगातला सर्वांत वाईट चित्रपट म्हणून नावाजलेला. त्यातला प्रसिद्ध नट बेला लुगोसी १९५६ साली वारला, तेव्हा त्याची जेमतेम काही दृश्ये घेऊन झालेली होती. दिग्दर्शक एड वुड याने काय करावे? हाडे बसवणाऱ्या एका वैद्याला उभे केले. तो उंचीने वेगळा, चेहऱ्याने वेगळा; म्हणून त्याने सबंध चित्रपटभर नाकासमोर झगा धरला. आम्ही हसलो. दादा म्हणाले, "मेलेल्या माणसाची दृश्ये टाकून नाही दिली त्याने."

श्रावणात एका शनिवारी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' लागला. मालेगाव आम्हाला परके नाही. आमच्याच आग्रा रस्त्यावर नाशिकच्या पुढे ते बसलेले, आणि गावभर तोच खडखडाट. तिथल्या नासिर शेख यांचे व्हिडिओचे दुकान होते. त्यांनी २००० साली गावच्या माणसांना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. दरोडेखोर घोड्यांऐवजी सायकलींवरून आले! पुढे त्यांना सुपरमॅन काढायची हौस आली, आणि त्या खटाटोपावरच फैजा अहमद खान यांनी २००८ साली हा माहितीपट केला.

यातला सुपरमॅन म्हणजे शफीक शेख, मागावरचा कामगार. अंगावर मांस नाही, पायांत रबरी चपला, चड्डीची नाडी लोंबते आहे. ट्रकच्या बाजूला हिरवे कापड लावून त्याला उडवायचे. एकुलता एक कॅमेरा पाण्यात पडतो. मध्येच शफीकचे लग्न लागते आणि तो पुन्हा हजर होतो. दादा प्रथमच खुर्चीत पुढे सरकून बसले. पडद्यावर माग दिसले की ते पुटपुटत, "धोटा बघ... तार तुटला वाटतं." बारा तास मागावर उभ्या राहिलेल्या माणसाचे पाय कसे होतात, हे आम्हा सर्वांत त्यांनाच ठाऊक. तसले पाय घेऊन तो पोरगा उडत होता.

चित्रपट संपला. चिरंजीवांनी माहिती पुरवली, की २०१२ साली हा माहितीपट चित्रपटगृहांत लागला तेव्हा शफीक हयात नव्हता. कर्करोगाने त्याला आधीच नेले होते. दादांनी कसला कर्करोग ते विचारले नाही. उठून गॅलरीत गेले, बराच वेळ नळ वाहत असल्याचा आवाज आला.

आम्हाला वाटले, सुटला मावा! पुढच्या शनिवारी दादा आले, गालात गोळी होतीच.

या वर्षी चकल्या खुसखुशीत साधल्या आहेत. नरकचतुर्दशीला फराळाचे ताट समोर आले तेव्हा पाहिले, दादा चकलीचे बारीक तुकडे करून चहात भिजवीत होते. एक तुकडा तोंडात घालायला त्यांना हाताने ओठ बाजूला सारावा लागला. आम्ही पाहतो आहोत हे त्यांनी पाहिले.

"दोन बोटेसुद्धा आत जात नाहीत रे," ते म्हणाले. "वहिनीला सांगितलेले नाही."

आम्ही काय बोलणार?

थोड्या वेळाने त्यांनी बशी खाली ठेवली. "भाऊबीज होऊन जाऊ दे. सोमवारी ठाण्याला दाखवायला जायचे म्हणतो. येतोस बरोबर?"

आम्ही हो म्हटले. मग त्यांनी चिरंजीवांना हाक मारून विचारले, या शनिवारी काय लावणार आहेस.