एका टर्नटेबलवर दोन आर्म कशाला?

(एपिसोडचं लिखित रूप. "अं" आणि "म्हणजे काय आहे ना" तेवढे काढलेत, बाकी बोललो तसंच.)

विषय ऐकून काही जण म्हणतील, हा गेला कामातून. एक आर्म नीट लावता लावता नाकी नऊ येतात, याला दोन हवेत. म्हणून आधी कारण सांगतो, मग हिशोब.

माझ्या आजीकडे एक लोखंडी ट्रंक आहे. त्यात आजोबांनी जमवलेल्या ७८ आरपीएमच्या तबकड्या आहेत, चाळीसेक असतील. बालगंधर्व आहेत, हिराबाई बडोदेकर आहेत. गेल्या दिवाळीत तिनं विचारलं, "अरे, तुझ्या त्या मशिनवर माझ्या वाजतील का?" मी म्हटलं, वाजतील की! मशिनला ७८ चं बटण आहे, अजून काय पाहिजे? वाजवण्याआधी पुसावी म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलं, एलपीला लावतो तसं. आता, एलपी असते व्हायनिलची. ७८ ची तबकडी असते लाखेची, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. फडक्यावर काळा डाग आला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ती बाजू गेली. आजी काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं. तर या एपिसोडमधून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या: लाखेच्या तबकडीला अल्कोहोल लावायचं नाही. डिस्टिल्ड वॉटर, सौम्य साबणाचा एखादा थेंब, लेबल कोरडं, आणि लगेच पुसून घ्यायचं.

दुसरी तबकडी लावली तर नुसती खरखर, गाणं कुठेतरी मागे. कारण सुई. एलपीच्या साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण १८ मायक्रॉन असते. ७८ ची खाच बरीच रुंद, तिला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते. बारीक सुई त्या खाचेच्या तळाशी जाऊन लोळते. गाणं कोरलेलं आहे भिंतींवर, आणि तळाशी आहे सत्तर-ऐंशी वर्षांची धूळ. म्हणजे आपण अॅम्प्लिफायर लावून धूळ ऐकत होतो!

यावर स्वस्त उपाय आहे. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत कार्ट्रिज तेच ठेवून फक्त सुई बदलता येते. पण एलपीच्या सुईला वजन लागतं २ ग्रॅम आणि ७८ च्या सुईला ५ ग्रॅम. म्हणजे दर वेळी मागचं काउंटरवेट फिरवा, अँटीस्केटिंग बदला. लाखेची तबकडी जाडही असते, त्यामुळे आर्मची उंचीही बघा. तुमच्याकडे पाच-सहाच ७८ असतील तर हेच करा, दुसऱ्या आर्मच्या नादी लागू नका. माझ्याकडे ट्रंक आहे, आणि प्रत्येक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची.

बरं, दुसरा आर्म घ्यायचाच, तर कुठलं कार्ट्रिज कुठल्या आर्मवर? इथे लोक "वॉर्म आवाज", "ब्राइट आवाज" यावर भांडत बसतात. माझं मत, आधी गणित करा. सुईची दांडी म्हणजे स्प्रिंग, आर्म आणि कार्ट्रिज म्हणजे तिला टांगलेलं वजन. या जोडीची स्वतःची एक कंपनसंख्या असते: १५९ भागिले (वजन गुणिले कम्प्लायन्स) चं वर्गमूळ. उत्तर ८ ते १२ हर्ट्झमध्ये आलं पाहिजे. त्याखाली वाकड्या तबकडीचे हेलकावे असतात, वर संगीत सुरू होतं.

ऑर्टोफॉन टूएम रेड घ्या. वजन ७.२ ग्रॅम, कम्प्लायन्स २०. टेक्निक्स एसएल-१२०० चा आर्म १२ ग्रॅमचा, स्क्रू वगैरे १ ग्रॅम. उत्तर येतं ७.९, म्हणजे काठावर पास. हेच कार्ट्रिज ३० ग्रॅमच्या जड आर्मवर लावलं तर ५.८, नापास. तबकडी जरा वाकडी असली की वूफर पंप मारल्यासारखा हलायला लागेल.

आता डेनॉन डीएल-१०३. हे १९६२ साली जपानच्या एनएचके रेडिओसाठी बनवलेलं, अजूनही मिळतं. वजन ८.५ ग्रॅम, स्प्रिंग कडक. कंपनी कम्प्लायन्स ५ देते, पण तो १०० हर्ट्झला मोजलेला. आपल्या सूत्राला १० हर्ट्झचा आकडा लागतो, तो अंदाजे दुप्पट धरा. १२ ग्रॅमच्या आर्मवर १०.८, ३० ग्रॅमच्या आर्मवर ८. दोन्हीकडे पास! म्हणून जड आर्मचे लोक याच्या प्रेमात असतात. फक्त याचं आउटपुट ०.३ मिलीव्होल्ट, रेडचं ५.५. म्हणजे सुमारे २५ डेसिबल जास्त गेन देणारा फोनो स्टेज लागतो, त्याचे पैसे वेगळे. कार्ट्रिजची किंमत बघून उड्या मारू नका.

माझा प्लॅन असा: लेन्को एल७५ चं जुनं मोटर युनिट, नव्या लाकडी प्लिंथमध्ये. याचा वेग मधल्या कुठल्याही आकड्यावर ठेवता येतो, आणि जुन्या तबकड्या काही सगळ्या नेमक्या ७८ ला रेकॉर्ड झालेल्या नाहीत. मूळ आर्म ठेवणार नाही, त्याचे रबरी व्ही-ब्लॉक वयानं भुगा होतात. आर्म कुठे बसवायचा हे सोपं आहे. मधल्या स्पिंडलभोवती आर्मच्या माउंटिंग अंतराचं वर्तुळ काढा, त्यावर कुठेही बसवा, भूमिती तीच राहते. उजवीकडे एलपीचा, मागे ७८ चा. भानगड एकच, एकाचा हात फिरताना दुसऱ्याला धडकता कामा नये. म्हणून आधी पुठ्ठ्याचे आर्म कापून टाचणीवर फिरवून बघितले. पहिल्या लेआउटमध्ये धडकले!

वायरिंगमध्ये दोन्ही आर्मची ग्राउंड वायर वेगळी आणि एकाच बिंदूला आणायची, नाहीतर हम्म्म ऐकत बसाल. ७८ वाजवताना मोनो स्विच दाबायचा. त्यात आवाज फक्त आडव्या हालचालीत असतो, दोन्ही चॅनल एकत्र केले की उभ्या हालचालीतली खरखर बरीचशी आपोआप वजा होते. उरला आरआयएए कर्व्ह. तो १९५४ नंतरचा, १० किलोहर्ट्झला जवळपास १४ डेसिबल कापतो. जुन्या तबकड्यांत ट्रेबल तेवढं चढवलेलंच नसतं, म्हणून गाणं गोधडीत गुंडाळल्यासारखं येतं. हे मी कॉम्प्युटरवर उलट फिल्टर लावून सोडवणार आहे. शेवटी कोड लिहूनच पोट भरतो.

प्लिंथ सुताराकडे आहे. आजीचा काल फोन होता, "झालं का रे तुझं भोकं पाडून?" अजून नाही झालं. झालं की पुढच्या एपिसोडमध्ये पहिली तबकडी तिच्या पसंतीची.