बाळाचा श्वास मोजावा कसा?



गोठ्यातल्या वासराने सकाळी आचळाला तोंड लावले नाही, तर शेतावर निघालेला माणूसही दोन घटका त्याच्याजवळ थांबतो. कान गार आहेत का, पोट फुगले आहे का, बरगड्या किती उडतात, हे कोणी न शिकवता आपण पाहतो. घरातल्या तान्ह्या बाळाने अंगावर पिणे सोडले, तर मात्र 'रात्री गारठा लागला असेल' असे म्हणून गव्हाला पाणी द्यायला जातो! पौष-माघात भैरवगढच्या बाजूला क्षिप्राकाठी थंडी बोचरी असते. दारे लावून घेतली की चुलीचा धूर घरातच कोंडतो. न्यूमोनियाला याहून सोयीचे दिवस नाहीत. म्हणून या वेळी पिकांचा विषय बाजूला ठेवून लेकरांच्या दुखण्याविषयी लिहीत आहोत.

खोकला प्रत्येक बाळाला होतो, आणि बहुतेक खोकले आपोआप बरे होतात. न्यूमोनिया ओळखायचा तो खोकल्याच्या आवाजावरून नव्हे, तर श्वासाच्या गतीवरून. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक झाले, तर ते दुखणे घरात ठेवण्याचे नव्हे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर मोजणीतही वेळ घालवू नये.

मोजता येत नाही, अशी सबब कोणी सांगू नये. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने निरक्षर दाईंसाठी एक साधे यंत्र तयार केले होते. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, की झाले. आपल्या घरी तर मणी आहेतच! जपमाळेत दहा-दहा मण्यांचे पाच भाग असतात. मधले एकेकटे मणी सोडून द्यावेत आणि दर श्वासाला एक मणी पुढे न्यावा. सहा महिन्यांच्या बाळाची सगळी माळ मिनिटाच्या आत पुरी झाली, तर समजावे की श्वास फार वेगाने चालला आहे. दीड-दोन वर्षांच्या मुलाला चार भागच पुरे. आणि अगदी तान्ह्याची माळ संपून पुन्हा पहिला भागही पुरा झाला, तर ते ६० झाले. बाळ शांत किंवा झोपलेले असावे, रडत नसावे. अंगावरचे कापड वर करून पोटाकडे पाहावे, एक मिनिट पुरे मोजावे, आणि आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजावे. जपमाळेचा असा उपयोग पवित्र मरीयेला खटकेल, असे आम्हांस वाटत नाही.

त्याच गडचिरोलीत ३९ गावांत थोडे शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्यात आले. त्या घरोघर जाऊन नवजात बाळे तपासत. हजार जन्मांमागे पहिल्या महिन्यातच ६२ बाळे दगावत असत, ती संख्या १९९७-९८ पर्यंत सुमारे २५ वर आली. ही हकीकत १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आली. आज आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी सहा-सात वेळा येते, त्याचे मूळ या कामात आहे. तिला दारातून परत पाठवू नये. सव्वा महिना परक्याची नजर नको, असे म्हणणाऱ्या आजीबाईंनाही आमची हीच विनंती आहे.

आरोग्यदूत काय पाहत? बाळाचे रडणे क्षीण झाले, दूध ओढणे कमी झाले, हातपाय लुळे पडले, अंग गार लागले, पोट फुगले, नाळेला पू आला. आपल्याला यातले एक दिसले तरी पुरे, निघावे. पोटावर तापलेल्या सळीचा डाग देण्याची रीत आमच्या या मध्य प्रदेशात काही भागांत अजून चालते. ही रीत आम्ही क्रूर मानतो. भाजलेल्या जागेतून जंतू शिरतात, आणि औषधाला मिळालेली वेळ निघून जाते.

जुलाबाविषयी थोडक्यात सांगतो. ओ.आर.एस. चे पाणी घोटघोट द्यावे, अंगावरचे दूध बंद करू नये, आणि जस्ताच्या गोळ्या १४ दिवस द्याव्यात, जुलाब थांबले तरीही. डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळू बसली, किंवा मूल पाणीही घेईना, तर दवाखाना गाठावा.

आता जन्मजात व्यंगांविषयी. बाळ जन्मले की स्नानसंस्काराची तारीख ठरवण्याआधी त्याला उजेडात उघडे करून डोक्यापासून पायापर्यंत पाहावे. टाळू फाटलेली आहे का, पाठीच्या कण्यावर गाठ आहे का, पावले आत वळली आहेत का, बाहुलीत पांढरे दिसते का? २४ तासांत शी झाली नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. दूध पिताना बाळ वारंवार थांबते, कपाळाला घाम येतो, ओठ निळसर होतात, वजन चढत नाही, अशा वेळी हृदयाची तपासणी करून घ्यावी.

वळलेले पाऊल पहिल्या काही आठवड्यांत दाखवले, तर दर आठवड्याला प्लास्टर बदलून ते बहुधा सरळ होते. पुढे चारेक वर्षांपर्यंत रात्री विशेष बूट घालावे लागतात, आणि आईबाप हेच कंटाळून सोडतात. मग पाऊल परत वळते. ओठ फाटलेल्या बाळाला उपडे-आडवे न धरता बसते धरून बोंडल्याने दूध पाजावे. ओठाची शस्त्रक्रिया तीन ते सहा महिन्यांच्या सुमारास, टाळूची वर्षाच्या आसपास होते. ग्रहणात आईने विळी धरली म्हणून ओठ फाटला, ही समजूत निराधार आहे. सुनेला त्यावरून बोल लावणे तर अन्यायच. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांधाविषयी शिष्यांनी हाच प्रश्न केला होता, आणि प्रभूने त्याला व त्याच्या आईबापांना दोषमुक्त केले.

या व्यंगांच्या तपासणीसाठी २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडीत व सरकारी शाळेत येणारे पथक जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुले पाहते, आणि पुढील उपचार विनामूल्य होतात. पथक येणार त्या दिवशी सोयाबीनच्या कापणीसाठी मुलाला घरी ठेवू नये.

रात्री निघावे लागले तर १०८ ला फोन करावा. उज्जैनचे चरक भवन आपल्यापासून लांब नाही. वाटेत तान्ह्याला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून गोधडी पांघरावी, टोपी घालावी, आणि ओढत असेल तर पाजत राहावे. लसीचे कार्ड बरोबर घ्यावे. मोजलेल्या श्वासांचा आकडा आणि मोजल्याची वेळ कागदावर लिहून डॉक्टरांच्या हाती द्यावी.