बाळंतपणानंतर सतत रडू येतेय? उदासी आणि नैराश्य यातील फरक असा ओळखा

बाळ सुखरूप आहे, डिंकाचे-अळिवाचे लाडू सुरू झाले आहेत. तरी बाळंतीण गप्प असते, रडते. घरात कुणी म्हणते दृष्ट लागली, कुणी म्हणते जागरणाने होतेय. पण हे प्रसूतीनंतरचे नैराश्य असू शकते. गोव्यातील मातांच्या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २३ टक्के जणींमध्ये ते आढळले होते. गरिबी, नवऱ्याशी बेबनाव आणि मुलगी झाल्याची नाराजी यांमुळे धोका वाढतो, असेही त्यात दिसले.

फरक काय?
प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणे, चिडचिड होणे सामान्य आहे. आराम आणि आधार मिळाला की ते साधारण दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही टिकले, तर डॉक्टरांना दाखवा. नैराश्य पहिल्या वर्षात कधीही सुरू होऊ शकते.

ही लक्षणे पाहा
• बाळ झोपले तरी आईला झोप न लागणे
• जेवणावरची वासना उडणे
• बाळाबद्दल काहीच न वाटणे किंवा सतत धास्ती
• ‘मी चांगली आई नाही’ असे वाटणे
• जीव नकोसा होणे

कुणाला सांगायचे?
आरे-वारेसारख्या किनाऱ्यावरच्या गावात पहिला आधार आशाताईंचा. दवाखान्यात प्रसूती झाली असेल, तर ४२ दिवसांत त्यांच्या सहा गृहभेटी ठरलेल्या असतात. बाळाच्या वजनासोबत स्वतःच्या मनाचेही त्यांना सांगा.

ठाणे, पुणे, नागपूरप्रमाणे रत्नागिरीतही प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. नावाला घाबरू नका. तिथे जाणे म्हणजे भरती होणे नव्हे. बहुतेक जणी समुपदेशनाने आणि गरज पडल्यास औषधांनी घरी राहूनच बऱ्या होतात. अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधे आहेत. डॉक्टरांना तसे आधीच सांगा.

घरून बोलायचे असेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ला १४४१६ वर फोन करा. सेवा मोफत, २४ तास आणि मराठीतही आहे.

थांबू नका
भास होणे, असंबद्ध बोलणे, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार दिसल्यास तिला एकटे सोडू नका. १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.

घरच्यांनी काय करावे?
रात्रीचे एक पाजणे सोडून बाकी बाळ तुम्ही सांभाळा, तिला सलग झोपू द्या. ‘आम्हीही पोरे वाढवली’ हे वाक्य टाळा. तपासणीला नवऱ्याने सोबत जावे.