उरलेलें खमीर आणि चॉकोलेटचा केक

ज्या घरांत रोज दहीं विरजलें जातें, त्या घरास आंबवणाची ओळख करून द्यावी लागत नाहीं. तरीपण २०२० सालच्या टाळेबंदींत आपल्याकडील अनेक सुशिक्षित घरांत एक नवा पाहुणा आला, आणि कांचेच्या बरणींत बसून स्वयंपाकघराच्या फळीवर त्यानें कायमचा मुक्काम ठोकला. बाजारचें यीस्ट न वापरतां केवळ पीठ व पाणी आंबवून केलेलें खमीर, ज्याला इंग्रजींत ‘सावरडो’ म्हणतात, तोच हा पाहुणा होय. आमच्या घरीं तो धाकट्या सूनबाईंच्या हौसेनें आला. पाव उत्तम होऊं लागला, मुलांस आवडला, आणि महिन्याभरांतच घरांत एक लहानसा वाद उभा राहिला. तो वाद पावाविषयीं नव्हता. रोज सकाळीं मोरींत जाणाऱ्या वाटीभर पिठाविषयीं होता.

हा प्रकार ज्यांनीं पाहिला नसेल त्यांच्यासाठीं थोडा खुलासा करणें अवश्य आहे. खमीर जिवंत असतें व त्याला रोज नवें पीठ आणि पाणी द्यावें लागतें. समजा, बरणींत ५० ग्रॅम खमीर आहे. त्यांत ५० ग्रॅम पीठ व ५० ग्रॅम पाणी घातलें म्हणजे तें १५० ग्रॅम झालें. दुसऱ्या दिवशीं त्यांतील १०० ग्रॅम काढून टाकावयाचें आणि उरलेल्या ५० ग्रॅमला पुन्हां तोच खुराक द्यावयाचा, असा हा नेम आहे. कांहींच न काढतां सगळ्यालाच खुराक देत गेलें तर काय होईल, हें घरांतील एका विद्यार्थ्यानें कागदावर मांडून दाखविलें. रोज तिप्पट होत होत सातव्या दिवशीं तें १०९ किलो ३५० ग्रॅम भरतें! तेव्हां काढणें तर चुकत नाहीं. परंतु रोजचें ५० ग्रॅम पीठ म्हटलें तरी महिन्याला दीड किलो होतें, आणि तें जातें मोरींत. आमच्या आजींनीं १९७२ च्या दुष्काळांत रेशनवरील लाल मिलोच्या भाकरी थापून घर चालविलें होतें. त्यांना हें दृश्य रोज डोळ्यांनीं पाहवेना. त्या बोलत कांहीं नसत. पण बरणी उघडली कीं उठून देवघरांत जात. न बोलण्याचाही एक आवाज असतो, आणि तो एकत्र कुटुंबांत सर्वांस ऐकूं येतो.

अमेरिकेंतील व युरोपांतील गृहिणींपुढें हा प्रश्न आपल्या आधींच उभा राहिला होता व त्यांनीं त्यावर तोडगाही काढलेला आहे. काढून ठेवलेलें खमीर तिकडे घावनांत, बिस्किटांत आणि विशेषेंकरून चॉकोलेटच्या केकांत घालतात. सूनबाईंनीं हा तोडगा आमच्या घरीं करून पाहण्याचें ठरविलें. पहिला केक मात्र साफ फसला. तो कसा फसला हें सांगितल्यावांचून पुढील मजकुरास अर्थ येणार नाहीं, म्हणून तें प्रथम सांगतों.

आम्हां सर्वांची समजूत अशी कीं, ज्या अर्थीं खमिरानें पाव फुगतो त्या अर्थीं केकही फुगलाच पाहिजे. म्हणून सोडा व बेकिंग पावडर दोन्ही वगळून, मिश्रण तासभर उबेंत ठेवून भाजलें. निघालें तें काय? वरून भेगाळलेली, आंतून चिकट, अशी एक काळीभोर वडी! मुलांनीं तिचें नांव ‘पाटा’ असें ठेवलें. दुसऱ्या वेळीं सोडा घातला, पण तो घालून झाल्यावर भट्टी तापविण्याची आठवण झाली. भट्टी तापेपर्यंत वीस मिनिटें गेलीं, आणि केक पुन्हां बसका झाला. तिसऱ्या वेळीं मात्र आम्ही हट्टानें या गोष्टीच्या मुळाशीं गेलों.

खमिरांत दोन प्रकारचे सूक्ष्म जीव शेजाऱ्यांसारखे नांदत असतात. एक यीस्ट, तें पिठांतील साखर खाऊन कर्बवायु सोडतें व त्यानें पाव फुगतो. दुसरे लॅक्टिक आम्ल तयार करणारे जंतु. दह्यांतील जंतूंचे हे चुलतभाऊच म्हणावयाचे. दूध नासतें किंवा विरजतें तें जिवंत जीवांमुळें, हें फ्रान्समधील पाश्चर यांनीं १८५७ सालीं लॅक्टिक आंबवणावरील आपल्या निबंधांत मांडलें. त्यानंतर शंभरांवर वर्षांनीं, १९७१ सालीं, कॅलिफोर्नियांतील सरकारी प्रयोगशाळेंतील क्लाइन व सुगिहारा या संशोधकांनीं सान फ्रान्सिस्को शहराच्या प्रसिद्ध आंबट पावाचा उलगडा केला. त्या खमिरांतील जंतु वेगळा काढून त्यांनीं त्याच्या नांवांत त्या शहराचें नांव गोंवलें. पुढें तोच जंतु युरोपांतील अनेक खमिरांतही सांपडला. आपल्याकडे गोव्यांतील पोदेर पोर्तुगीजांच्या वेळेपासून माडाच्या सुरेनें पाव आंबवीत असत, तेंही याच कुळांतलें.

आतां फ्रीजमध्यें आठवडाभर पडून राहिलेल्या खमिराची स्थिति पाहा. त्यांतील यीस्ट उपाशी व मरगळलेलें असतें. शिवाय केकच्या मिश्रणांत साखर इतकी असते कीं ती पाणी आपल्याकडे ओढून घेते व यीस्टला काम करणें अवघड होतें. म्हणजे फुगविण्याचें सामर्थ्य सरलेलें; पण आम्ल मात्र भरपूर सांठलेलें! येथेंच सर्व मर्म आहे. उरलेलें खमीर हें केकपुरतें खमीर नव्हेच. तें एक प्रकारचें घट्ट ताक आहे. ताकांत सोडा घातल्याबरोबर जसा फेस येतो, तसाच तो खमिरांत येतो, व त्या वायूनेंच केक फुगतो. ही क्रिया सोडा मिसळतांक्षणींच सुरू होते. म्हणून भट्टी आधीं तापली पाहिजे व सोडा अगदीं शेवटीं पडला पाहिजे. आमचे दोन्ही केक कां फसले, हें येथें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. या आम्लाचा आणखीही एक उपकार आहे. दिवसेंदिवस आंबलेल्या पिठांतील चिवटपणा मोडून तें सैल पडतें. पावाला हा दोष आहे. मऊसूत केकला तोच गुण ठरतो. ज्या घरांत अंडें चालत नाहीं त्या घरांत तर त्याची विशेष मदत होते.

घरांतील वडील मंडळींचा दुसरा आक्षेप असा होता कीं, आठ दिवस आंबलेलें पीठ खावें तरी कां? हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत आंबून विकार पावलेल्या पदार्थांस ‘शुक्त’ म्हटलें असून ते वर्ज्य सांगितले आहेत; मात्र दहीं व दह्यापासून होणारे पदार्थ त्यांतून वगळले आहेत. आम्हांस वाटतें कीं, या अपवादांतच उत्तर आहे. आंबणें निराळें आणि कुजणें निराळें. जें आम्ल दह्याला राखतें तेंच खमिरालाही राखतें. आणि आंबोळी, इडली, जिलबी यांना तर आपण पंक्तींत केव्हांच मान दिलेला आहे. तरीही ज्यांना तें पटत नसेल त्यांच्या पानांत आग्रहानें वाढूं नये, हें सांगणें नलगे.

पण मग चॉकोलेटच कां? पहिलें कारण चवीचें. कोकोचा कडवटपणा व साखरेची गोडी यांच्यामध्यें थोडा आंबटपणा आला म्हणजे तोंडाला मिठी बसत नाहीं. दुसरें कारण कुळाचें आहे. कोकोच्या फळांतील गरासहित बिया काढून त्यांचे ढीग करून किंवा पेट्यांत भरून साधारणतः ५ ते ७ दिवस आंबवितात. प्रथम यीस्ट, मग लॅक्टिक आम्लाचे जंतु व शेवटीं शिरक्याचे जंतु, अशी त्यांची पाळी लागते. हें आंबवण नीट झालें नाहीं तर बिया कितीही भाजल्या तरी चॉकोलेटचा वास येत नाहीं. केरळ, कर्नाटक, आंध्र व तामिळनाडू या प्रांतांत नारळी-पोफळींच्या सावलींत जो कोको पिकतो, त्यालाही हाच संस्कार लागतो. तेव्हां खमीर व चॉकोलेट यांची ही सोयरीक समान घराण्यांतलीच आहे.

कोको घेतांना एक गोष्ट पाहावी. साधा कोको किंचित आम्लधर्मी असतो. हॉलंडांत १८२८ सालीं व्हान हौटेन यांच्या घराण्यानें कोकोंतील चरबी दाबून काढण्याच्या रीतीचें पेटंट घेतलें. पुढें क्षार लावून कोको सौम्य व गडद करण्याची युक्तिही त्यांनींच रूढ केली. म्हणून तसल्या कोकोला ‘डच’ म्हणतात. डच कोकोंत आम्ल उरत नसल्यामुळें नुसत्या सोड्यानें त्याचा केक नीट फुगत नाहीं. खमीर असलें म्हणजे ही उणीव भरून निघते व कोणताही कोको चालतो.

आतां कृति देतों. मैदा १५० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, कोको ५० ग्रॅम, मीठ अर्धा चहाचा चमचा, बेकिंग पावडर १ चहाचा चमचा, सोडा अर्धा चहाचा चमचा, उरलेलें खमीर १४० ग्रॅम, दूध १८० मिलिलिटर, बिनवासाचें तेल ९० मिलिलिटर व कढत पाणी ६० मिलिलिटर, एवढें साहित्य घ्यावें. ८ इंची गोल डब्यास तूप लावून मैदा भुरभुरावा व भट्टी १७५ अंशांवर तापवून ठेवावी. कोकोवर कढत पाणी ओतून गुठळ्या मोडाव्या; त्यानें कोकोचा वास खुलतो. तें कोमट झालें म्हणजे त्यांत साखर, तेल, दूध व शेवटीं खमीर घालून रवीनें एकजीव करावें. खमिराच्या तारा राहतात, त्या मोडेपर्यंत घुसळावें. नंतर मैदा, मीठ, बेकिंग पावडर व सोडा एकत्र चाळून त्यांत घालावीं, आणि पीठ दिसेनासें होतांच हात थांबवावा. फार घोटल्यास मैदा चिवट होतो. लगेच डब्यांत ओतून भट्टींत ठेवावें. ३५ ते ४० मिनिटांनीं मध्यभागीं सुई खुपसून पाहावी. ती कोरडी निघाली कीं केक झाला. भट्टी नसल्यास आपली जुनी रीत आहेच. जाड बुडाच्या पातेल्यांत वाळू पसरून, झांकण ठेवून दहा मिनिटें तापवावी, वर तिवई ठेवून तिच्यावर डबा ठेवावा, व मंद आंचेवर पाऊण तासानें पाहावें. केक पूर्ण निवल्याशिवाय कापूं नये. दुसऱ्या दिवशीं तो अधिक चांगला लागतो, असा आमचा अनुभव आहे. मात्र दुसरा दिवस त्याला क्वचितच दिसतो.

एवढाही वेळ नसेल तर घावन करावे. २०० ग्रॅम खमिरांत दोन मोठे चमचे कोको, तीन मोठे चमचे साखर, एक मोठा चमचा पातळ तूप, चिमूटभर मीठ आणि लागेल तसें दूध घालून आंबोळीच्या पिठाइतकें सरसरीत करावें. तवा तापल्यावर पाव चहाचा चमचा सोडा घालून ढवळावें व लगेच लहान लहान घावन घालावे. आंच मंद ठेवावी, कारण कोको व साखर लवकर करपतात. मुलें शाळेंतून येण्याच्या वेळेला याच्यासारखी दुसरी सोय नाहीं.

कांहीं सावधगिरीच्या गोष्टी सांगणें जरूर आहे. केकसाठीं खमीर सांठवावयाचें तें झांकलेल्या भांड्यांत, फ्रीजमध्यें, व आठवड्याभरांत संपवावें. फार जुन्या खमिरानें केक आंबट होतो. वर करडें पाणी सुटलें तर भिण्याचें कारण नाहीं, तें ढवळून घ्यावें. परंतु गुलाबी किंवा नारिंगी छटा, केसाळ बुरशी किंवा कुजका वास आढळला तर अन्नाची माया न धरतां तें सगळें टाकून भांडें कढत पाण्यानें धुवावें. आणि मुलांना भांड्यांतील कच्चें मिश्रण चाटूं देऊं नये. अंडें नसलें तरी कच्च्या पिठांतही रोगजंतु असूं शकतात.

आतां मूळ वादाकडे वळूं. केक साधला, मुलें खूष झालीं, आणि आम्हांस वाटलें कीं प्रश्न सुटला. पण थोडा हिशेब केला. ७० ग्रॅम पीठ वांचविण्यासाठीं २०० ग्रॅम साखर, ५० ग्रॅम कोको आणि तेल, दूध, इंधन खर्च करावयाचें, याला काटकसर म्हणणें म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला! शिवाय रोज १०० ग्रॅम काढावयाचें तर आठवड्याला पांच केक करावे लागतील. एवढे केक खाऊन जें व्हावयाचें तें वैद्याच्याच हिताचें.

हा हिशेब चालला असतां आजी देवघरांतून बाहेर आल्या. बरणीकडे पाहून त्यांनीं इतक्या दिवसांत प्रथमच तोंड उघडलें : “अगं सूनबाई, उद्यांच्या दह्याला तूं विरजण किती ठेवतेस?”

“चमचाभर.”

“मग याला वाटीभर कशाला?”

झालें! महिनाभराच्या वादाचा निकाल एका चमच्यानें लागला. त्या दिवसापासून आमच्या बरणींत ५० ग्रॅमऐवजीं १० ग्रॅमच खमीर असतें. त्याला रोज १० ग्रॅम पीठ व १० ग्रॅम पाणी पुरतें. पाव करावयाचा असेल तर आदल्या रात्रीं त्यालाच खुराक देऊन वाढवून घेतां येतें. रोज निघतें तें २० ग्रॅम. तें फ्रीजमधील वाडग्यांत जमा होतें आणि आठवड्याच्या शेवटीं १४० ग्रॅम भरतें. वर दिलेल्या कृतींत तोच आंकडा कां आहे, हें आतां वाचकांस कळलें असेल. रविवारीं एक केक होतो, मोरींत कांहीं जात नाहीं, आणि बरणी उघडली तरी आजी जागच्या हालत नाहींत. केकचा तुकडा त्या स्वतः घेत नाहींत. पण मुलांना वाढावयास मात्र त्याच बसतात.