मोरगावची धूळ, इथेनॉलचे पेट्रोल आणि जुना कार्बोरेटर

जुन्या मोटारसायकलच्या इंधन-हवा यंत्रणेत टाकी व पेट्रोल कॉक, एअर फिल्टर, कार्बोरेटर आणि कार्बोरेटर इंजिनाला जोडणारा इनलेट पाइप हे भाग येतात. १ एप्रिल २०२० रोजी भारत स्टेज सहा मानके लागू झाली आणि नव्या दुचाक्यांत कार्बोरेटरची जागा जवळजवळ सर्वत्र फ्युएल इंजेक्शनने घेतली. त्याआधीच्या लाखो गाड्या अजून रस्त्यावर आहेत. १९९४ ची हिरो होंडा स्प्लेंडर, बजाजची बॉक्सर आणि सीटी १००, २००१ मध्ये आलेली पल्सर या गाड्या बारामती-इंदापूरच्या गावांतून दुधाचे कॅन, वैरणीचे भारे आणि शाळेची पोरे वाहतात. त्यांची कार्बोरेटर-दुरुस्ती बहुधा अर्ध्या तासात उरकली जाते: कार्बोरेटर उतरवला, हवा मारली, चढवला, स्क्रू फिरवला. बहुतेक तक्रारी मात्र कार्बोरेटरच्या अलीकडे, फिल्टरमध्ये आणि टाकीत जन्मतात. म्हणून काम तिथूनच सुरू करावे लागते.

पिस्टन खाली जाताना इंजिन हवा ओढते. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना त्या हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि खालच्या वाटीतले पेट्रोल जेटमधून वर उचलले जाते. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा कमी पडली तर प्लग काळा पडतो, धूर येतो आणि अॅव्हरेज घसरते. पेट्रोल कमी पडले तर प्लग पांढरा दिसतो, इंजिन तापते आणि गाडी झटके देते.

पहिला प्रश्न धुळीचा. मोरगाव कऱ्हेच्या काठी, बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यात आहे. नीरा डाव्या कालव्याने दक्षिणेकडची जमीन बागायती केली, पण या बाजूला पाऊस कमी आणि मुरमाचे रस्ते, शिवारातल्या वाटा बराच काळ कोरड्या राहतात. मयूरेश्वराच्या दर्शनाला अष्टविनायकाच्या गाड्या येतात त्या डांबरी रस्त्याने. दुधाची गाडी वस्तीवरून येते ती धुरळ्यातून, आणि तीही ट्रॅक्टरच्या मागे. त्यामुळे कंपनीच्या पुस्तकातली फिल्टर बदलण्याची मुदत इथे जवळजवळ निम्मी धरणे शहाणपणाचे. स्पंजचा फिल्टर रॉकेलमध्ये, मग साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावा, इंजिन ऑइलमध्ये बुडवावा आणि न पिळवटता दाबून जादा तेल काढावे. कागदी फिल्टर धुऊ नये. तो बदलावाच. पिकअप वाढतो म्हणून फिल्टर काढून टाकण्याची पद्धत सर्वांत महागडी ठरते. आत गेलेली धूळ सिलिंडर आणि रिंगा घासते, गाडी निळा धूर टाकू लागते आणि शंभर-दोनशे रुपयांच्या बचतीपोटी इंजिन बांधावे लागते. फिल्टरच्या पेटीचे झाकण आणि रबर बेंड चिरलेले असतील तर नवा फिल्टरही निरुपयोगी.

दुसरा प्रश्न पेट्रोलचा. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती अशा सहकारी साखर कारखान्यांच्या या मुलखात ऊस मुबलक, आणि उसाचा रस व मळी हा इथेनॉलचा एक प्रमुख कच्चा माल. देशात १० टक्के मिश्रणाचे लक्ष्य २०२२ मध्ये आणि २० टक्क्यांचे २०२५ मध्ये गाठले गेले. शेतकऱ्याला त्याचा आधार आहेच, पण जुना कार्बोरेटर या इंधनासाठी बेतलेला नाही. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने २० टक्के मिश्रणाला १४.७ ऐवजी सुमारे १३.५ भाग हवा पुरते. जेट तोच राहिला तर मिश्रण पातळ होते. शिवाय इथेनॉल पाणी ओढते. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत हे पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉलसह तळाशी बसते आणि कॉकमधून तेच आधी उतरते. टाकीच्या पत्र्यावर जुना गंज आणि चिकटा असेल तर तोही सुटून येतो. म्हणून टाकी उतरवून पूर्ण रिकामी करावी, गंज असल्यास रॉकेल आणि थोडे नट टाकून हलवून काढावा, कॉकची जाळी साफ करावी आणि कडक झालेली पेट्रोलची नळी बदलावी. हे काम उघड्यावर, आगीपासून दूर करायचे.

यानंतर कार्बोरेटर. उघडण्यापूर्वी मिश्रण जुळवणारा एअर स्क्रू किती फेरे उघडा आहे ते हळूच आत बसवून मोजून ठेवावे. वाटी उघडल्यावर तळाशी पांढरी भुकटी किंवा पाण्याचे थेंब दिसले, तर टाकीचे निदान पक्के झाले. पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटच्या सुईच्या टोकावर गोल खाच पडली असेल तर ती पेट्रोल अडवू शकत नाही आणि गाडी ओव्हरफ्लो होते. अशा वेळी फ्लोट वाकवून भागवण्यापेक्षा सुई बदलावी. मेन जेट आणि पायलट जेट सोडवून कार्बोरेटर क्लीनर आणि कॉम्प्रेसरच्या हवेने मोकळे करावेत. पोलादी तार घालू नये. पायलट जेटचे छिद्र साधारण ०.४० मिलिमीटरचे असते. ते घासून ०.४२ झाले तरी क्षेत्रफळ १० टक्क्यांनी वाढते आणि मग कोणत्याही स्क्रूने रेस, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावरचा इंजिनाचा वेग, बसत नाही. गळ्यात वर-खाली होणाऱ्या स्लाइडवर खोल उभे ओरखडे असतील तर नव्या किटचा उपयोग नाही. कार्बोरेटरच बदलावा लागतो. पल्सर १५० च्या नंतरच्या मॉडेलांसारख्या गाड्यांत स्लाइड रबरी पडद्यावर उचलली जाते. तो पडदा क्लीनरमध्ये बुडवू नये, उजेडासमोर धरून छिद्र शोधावे. छिद्र असले की पूर्ण ॲक्सिलरेटर देऊनही गाडी पळत नाही.

जोडताना इनलेट पाइपचे पॅकिंग आणि ओ-रिंग नवी घालावी. इंजिन चालू असताना जोडावर साबणाचे पाणी लावल्यावर रेस बदलली, तर तिथून हवा ओढली जाते. ही गळती असताना केलेले ट्युनिंग टिकत नाही.

ट्युनिंग गरम इंजिनावर करतात. स्प्लेंडरसारख्या गाडीची रेस मिनिटाला सुमारे १,४०० फेऱ्यांवर ठेवावी, एअर स्क्रू फिरवून ती सर्वांत स्थिर आणि चढी कुठे होते ते पाहावे आणि वाढलेली रेस पुन्हा १,४०० वर आणावी. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर आत वळवल्याने मिश्रण दाट होते. इंजिनाच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्याने. हा फरक विसरल्याने पुष्कळ गाड्या उलट्या बिघडतात. सगळे नीट बसूनही प्लग पांढराच येत असेल, तर आणि तरच इथेनॉलची भरपाई करावी: स्लाइडच्या सुईला खाचा असल्यास क्लिप एक खाच खाली घालावी, म्हणजे सुई वर येते. नाहीतर मेन जेट एक नंबर मोठा घ्यावा.

खरी परीक्षा चढावर होते. पुण्याहून येताना दिवे घाटात पूर्ण ॲक्सिलरेटरवर गाडी दम सोडत असेल तर वाटीत पेट्रोल पुरेसे उतरत नाही, म्हणजे कॉक, जाळी किंवा टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र पुन्हा पाहावे. गाडी पंधरवड्याहून अधिक उभी ठेवायची असल्यास कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे आणि वाटीचा ड्रेन स्क्रू उघडून उरलेले पेट्रोल काढावे.