फाइलमार्गांतील भेद आणि सॉफ्टवेअरची बांधणी

एका संगणकावर निर्वेधपणे बांधले जाणारे सॉफ्टवेअर दुसऱ्या संगणकावर अडते, याचे कारण पुष्कळदा आज्ञावलीच्या तर्कात नसून फाइलच्या मार्गात असते. प्रस्तुत विवेचनासाठी असे समजू की, यवतमाळ जिल्ह्याच्या १६ तालुक्यांची माहिती तालुकावार फोल्डरांत ठेविली असून बांधणीच्या वेळी ती सॉफ्टवेअरमध्ये समाविष्ट करावयाची आहे.

पहिला भेद विभाजक चिन्हाचा. युनिक्स व लिनक्स यांत फोल्डरांची नावे तिरप्या रेघेने तोडतात. डॉसच्या १९८१ मधील पहिल्या आवृत्तीत ही रेघ आज्ञांच्या पर्यायांसाठी योजिली होती. म्हणून १९८३ साली दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा उलटी रेघ घेतली गेली. तोच वारसा विंडोजकडे आला. लिनक्सला मात्र उलटी रेघ हे नावातील एक साधे अक्षर वाटते. तेथे 'माहिती\बाभुळगाव' हा मार्ग न ठरता एकच नाव ठरते.

दुसरा भेद रोमन अक्षरांचा. लहान व मोठ्या अक्षरांतील फरक विंडोज सामान्यतः मानीत नाही, लिनक्स मानते.

तिसरा भेद मराठीस विशेष जाचक आहे. 'शेतकऱ्यांची' या शब्दातील 'ऱ' युनिकोडमध्ये एका संकेतांकाने लिहिता येतो, तसाच 'र' व नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही. ही रूपे समतुल्य मानली आहेत. परंतु ॲपलची १९९८ ची एचएफएस प्लस पद्धती नावे विघटित रूपात साठवीत असे, तर लिनक्स नावाकडे केवळ बाइटांची ओळ म्हणून पाहते. परिणामी डोळ्यांस सारखेच दिसणारे नाव बांधणीस सापडत नाही. 'बाभुळगाव' व 'बाभूळगाव' ही रूपे तर युनिकोडही एक मानीत नाही. तेथे निर्णय माणसानेच केला पाहिजे.

यावर उपाय कठीण नाहीत. मार्ग हाताने न जोडता भाषेतील मार्गविषयक साधनांनी जोडावेत. पायथनमध्ये २०१४ पासून 'पाथलिब' उपलब्ध आहे. मार्ग प्रकल्पाच्या मूळ फोल्डरापासून सापेक्ष असावेत. फाइलांना लहान रोमन अक्षरांतील नावे द्यावीत आणि मराठी नावे फाइलच्या आत ठेवावीत. ती बाहेर ठेवणे अटळ असल्यास सर्वत्र एकच संयुक्त रूप स्वीकारावे. आणि बांधणीची परीक्षा प्रत्येक प्रणालीवर घ्यावी. अन्यथा नाव न सापडलेली फाइल निमूटपणे वगळणाऱ्या बांधणीत एखादा तालुकाच गळेल, आणि निष्कर्ष मात्र संपूर्ण जिल्ह्याचे म्हणून छापले जातील.